कापसाच्या किल्ल्यावर पायपोस

तुर्कस्तानच्या आठ दिवसांच्या सहलीत मी फक्त एका माणसावर रागावलो नाही. तो बसचा दुसरा ड्रायव्हर होता आणि सगळा प्रवास मागच्या सीटवर झोपून होता.

बाकी सगळ्यांवर रागावलो. विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर रागावलो (आमची बॅग दोनदा समोरून गेली, हाताला लागली नाही!). हॉटेलातल्या नळावर रागावलो (वर उचलायचा, खाली दाबायचा की फिरवायचा, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं!). कप्पाडोकियात फुगे उडाले नाहीत म्हणून चक्क वाऱ्यावर रागावलो. हा माझा स्वभाव आहे. उदगीरच्या शाळेत मी तीस वर्षं भूगोल शिकवला. माझा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा घाबरून "व्हिक्टोरिया धबधबा, झांबेझी नदी!" असं ओरडायची.

निवृत्त झालो तेव्हा मुलगी प्राची बंगळूरहून आली. म्हणाली, "पप्पा, जन्मभर नकाशावर छडी ठेवून जग दाखवलंत. आता एकदा पाय ठेवून बघा की."

तिनं जगातल्या प्रेक्षणीय स्थळांची यादीच काढली. नायगारा, माचू पिचू, अंगकोर वाट, बोरोबुदूर. मी म्हणालो, नायगारा! पण अमेरिकेच्या व्हिसाची तारीख इतकी लांबची मिळत होती, की तोवर धबधबा झिजून चार बोटं मागं सरकला असता (तो खरंच सरकतो, माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा). मी व्हिसावर रागावलो. मग प्राचीनं तुर्कस्तान सुचवलं.

माझ्या बायकोनं, कमलनं, एकच प्रश्न विचारला. "तिथं चहा भेटतो का गं?"

"आई, तिथले लोक दिवसभर चहाच पितात."

"मंग चला की!"

झालं! भूगोलाच्या मास्तरचा पहिला परदेश चहावर ठरला.

कमल उदगीरची. मोंढ्याच्या बाजारपेठेजवळ वाढलेली. तिची भाषा म्हणजे अर्धी मराठी आणि अर्धी दखनी उर्दू. लग्न झाल्यापासून मी तिला "शुद्ध बोल, शुद्ध बोल" म्हणून सांगून राहिलो होतो. आम्ही तिघं इस्तंबूलला उतरलो आणि माझ्या शुद्ध इंग्रजीला कोणी विचारीना! मी वेटरला "एक्स्क्यूज मी, वुड यू काइंडली" म्हणेपर्यंत तो पलीकडच्या टेबलावर पोचायचा. इकडं कमल नुसतं "चाय" म्हणायची, की चहा हजर. पनीरला ते लोक 'पेयनिर' म्हणतात, साखरेला 'शेकेर', दुकानाला 'दुक्कान', आणि ठीक आहे म्हणायचं तर 'तमाम'! दुसऱ्या दिवशी ती नाश्त्याच्या टेबलावर म्हणाली, "अहो, हे तर आपल्या उदगीरचेच लोक हायत. जरा गोरे हायत, इतकंच."

मी तिच्यावरही रागावलो.

सहाव्या दिवशी आम्ही पामुक्कालेला पोचलो. पामुक म्हणजे कापूस आणि काले म्हणजे किल्ला. कापसाचा किल्ला. गरम पाण्याचे झरे हजारो वर्षं डोंगरावरून वाहत आले, त्यातला चुना साचत गेला आणि डोंगराच्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्या झाल्या. प्रत्येक पायरीत निळसर पाणी. बसमधून ते पाहिलं आणि कमल ओरडली, "अगं बाई, जिनिंगच्या आवारात कापूस ओतल्यावानी दिसून राहिलं!"

आमच्या टूर मॅनेजर म्हणजे पुण्याच्या मधुरा मॅडम. माइक हातात घेऊन त्या म्हणाल्या, "सर्वांनी नीट ऐका. इथे आपल्याला चाळीस मिनिटं आहेत."

चाळीस मिनिटं! निसर्गाला घडवायला हजारो वर्षं लागली आणि बघायला चाळीस मिनिटं! आणि त्यानंतर चामड्याच्या कोटांच्या दुकानात मात्र दोन तास! लातूर जिल्ह्यात चामड्याचा कोट घालून कोण फिरतो? मी प्राचीजवळ रागानं बोलत राहिलो. त्यामुळे मॅडमचं पुढचं वाक्य माझ्या कानावर पडलंच नाही. ते असं होतं : "चुन्याच्या थरावर बूट घालायला मनाई आहे, पण ते हातात घ्या, कारण आपण वरच्या गेटनं आत जाऊन खालच्या गेटनं बाहेर पडणार आहोत."

वर पोचलो. लोक बूट काढत होते, मीही काढले. प्राचीनं खास प्रवासासाठी घेतलेले पांढरे बूट. एका भिंतीच्या कडेला, विहाराबाहेर ठेवतो तसे, शिस्तीत ठेवले. मग मनात आलं, गळ्यातल्या पाऊचमध्ये तिघांचे पासपोर्ट आहेत (मी कोणावर विश्वास ठेवत नाही म्हणून सगळे माझ्याकडंच!). पाण्यात पाय घसरला तर? मी इकडंतिकडं बघितलं, पाऊच डाव्या बुटात खोल सारलं आणि वर माझा मोजा कोंबला. सहा दिवस वापरलेला मोजा. त्याला हात लावील असा चोर अजून जन्मायचा होता!

आणि निश्चिंत होऊन निघालो. चुन्याचा थर दिसायला कापूस, पण तळव्यांना खडबडीत खवल्यांसारखा टोचतो. तरी माझ्यातला मास्तर जागा झाला. "बघा, हे पाणी वर येताना कॅल्शियम कार्बोनेट विरघळवून आणतं..." मी सुरू झालो. समोर दहा-बारा जण थांबून ऐकत होते, माना डोलवत होते. शेवटी त्यांच्यातल्या एकीनं मला वाकून नमस्कार केला, तेव्हा लक्षात आलं की हे कोरियन लोक आहेत आणि आपले लोक केव्हाच पुढं गेले!

मी रागानं झपझप निघालो. जवळचा रस्ता म्हणून दोरी ओलांडली. तोच शिट्टी! एक पहारेकरी माझ्याकडं बघून जोरजोरात शिट्टी वाजवत होता. तीस वर्षं मी दुसऱ्यांना शिट्टीवर नाचवलं, आणि आज मला शिट्टी! "काय शिट्टी वाजवून राहिला रे? मी भूगोलाचा मास्तर हाय!" असं म्हणत मागं वळलो आणि पाय सटकला. गुडघाभर गरम पाण्यात, चुन्याच्या चिखलात, बसलोच! उठलो तेव्हा कमरेपासून खाली मी त्या डोंगराचाच एक भाग दिसत होतो.

खालच्या गेटला पोचलो. सगळे बूट घालून तयार. मधुरा मॅडमनी माझ्या पायांकडं बघितलं.

"सर, तुमचे बूट?"

"वर हायत."

"वर? आणि तुम्ही इथे?"

"तुम्ही सांगितलं न्हाई!" मी ओरडलो.

"सांगितलं होतं!" अख्खी बस एका सुरात ओरडली. (इतकी एकी मी शाळेच्या प्रार्थनेतही पाहिली नव्हती.)

"जाऊ द्या, अनवाणी बसा," कमल म्हणाली. "रस्त्यात चपला घेऊ."

मी गप्प. माझं गप्प बसणं इतकं दुर्मिळ, की ती लगेच सावध झाली. "अहो, पाऊच कुठंय?"

"बुटात."

"कोणत्या बुटात?"

"डाव्या."

मग कमल बोलायला लागली. काय बोलली ते छापण्यासारखं नाही. तिच्या सात पिढ्यांचा राग त्या एका मिनिटात बाहेर आला, आणि मला जाणवलं की रागवायच्या बाबतीत मी आजवर नवशिका होतो. मधुरा मॅडमचा चेहरा त्या डोंगराइतकाच पांढरा पडला. परवा परतीचं विमान. पासपोर्ट हरवले तर राजधानीला वकिलातीत जावं लागणार. प्राची रडायच्या बेतात.

आम्ही तिघं गेटकडं धावलो. तिथल्या पहारेकऱ्यानं हात आडवा केला. तिकिटावर एकदाच आत जाता येतं. मी माझ्या इंग्रजीचा हल्ला चढवला. "माय शूज! अप! व्हेरी अर्जंट!"

"योक," तो म्हणाला. योक म्हणजे नाही.

"व्हॉट योक? आय ॲम अ टीचर!"

"योक!"

माझा आवाज चढला, त्याचाही चढला. कमलनं मला कोपरानं बाजूला सारलं आणि पुढं झाली. "भाई, ऐका. पायपोस. ह्यांचे पायपोस वर राहिले."

तो थबकला. "पाबुच?" (तिथं जोड्याला पाबुच म्हणतात.)

"हाव! पाबुच! आमी मुसाफिर. पासपोर्ट पाबुच में!"

"पासापोर्ट... पाबुच?" त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बुटात पासपोर्ट कोण ठेवतं?

कमलनं माझ्याकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या कपाळावर टिचकी मारली. "हे दिवाने हायत, भाई. अक्कल योक!"

तो माणूस पोट धरून हसला. त्यानं शेजाऱ्याला सांगितलं, शेजाऱ्यानं तिकीटवाल्याला. तिघंही माझ्याकडं बघून "अकल योक! अकल योक!" करत हसत होते. आमच्या घराण्यात कोणी बोललेलं पहिलं अस्सल तुर्की वाक्य ते, आणि व्याकरणासकट बरोबर! त्यानं फोनवर वरच्या पहारेकऱ्याला काहीतरी कळवलं आणि फाटक उघडलं.

अनवाणी चढण! तळवे सोलून निघत होते. मी प्रत्येक पायरीवर रागावत होतो. चुन्यावर, पाण्यावर, बुटांवर. कमल मागून म्हणाली, "दम बोलण्यात घालवू नका. चला."

वर पोचलो आणि बघतो तर भिंतीच्या कडेला बुटांची ही लांबलचक रांग! माझे बूट बघून लोकांना वाटलं असावं की ही बूट ठेवायचीच जागा. पन्नासेक जोड, त्यात निम्मे पांढरे.

"पप्पा," प्राची म्हणाली, "तुम्ही इथं विहार काढलात."

मी रांगेवर तुटून पडलो. या बुटात हात घाल, त्या बुटात हात घाल. कोपरापर्यंत हात घातलेला असताना कानाजवळ किंकाळी फुटली. मघाचीच, मला वाकून नमस्कार करणारी कोरियन बाई! तिच्या बुटात माझा हात! इतकी वर्षं मिळवलेली गुरूची प्रतिष्ठा एका किंकाळीत गेली. पुन्हा शिट्टी. मघाचाच पहारेकरी धावत आला. पांढऱ्या मिशांचा, माझ्याच वयाचा, आणि माझ्यापेक्षा संतापलेला. त्या रांगेचं मूळ कोण, हे त्याला आता कळलं होतं!

तो तुर्कीत ओरडला. मी मराठीत ओरडलो. "तुला काय वाटलं, मी चोर हाय?" त्यानं बुटांकडं हात केला, डोंगराकडं केला, आभाळाकडं केला. मीही केला. पाच-सात मिनिटं आम्ही दोघं मनसोक्त भांडलो, आणि खरं सांगतो, सहा दिवसांत पहिल्यांदाच मला समोरच्याचं सगळं समजत होतं. इतका सारखा माणूस मला उदगीरातही भेटला नव्हता! शेवटी दोघांचाही दम संपला. त्यानं पहाऱ्याच्या खोलीत जाऊन माझे बूट आणले. फोन आल्याबरोबर त्यानं ते बाजूला काढून ठेवले होते. मोजा त्यानं काठीनं उचलला होता. पाऊच आत, तिन्ही पासपोर्ट कोरडे.

मी तिथंच मटकन बसलो. कमल माझ्याशेजारी बसली. पाऊच तिनं स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. म्हाताऱ्यानं तीन छोट्या ग्लासांत चहा आणला. चौथा स्वतःला. ऊन कलत होतं आणि खालच्या शेकडो पायऱ्यांमधलं पाणी गुलाबी होत चाललं होतं. मी जन्मभर जगातली स्थळं शिकवली, पण कोणत्याही स्थळाकडं गप्प बसून बघायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही चौघं बघत राहिलो. पंधरा मिनिटं मी रागावलो नाही. (प्राचीनं घड्याळ लावून मोजलं.)

बसला दीड तास उशीर झाला. मधुरा मॅडम माझ्याशी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. पण कोटांचं दुकान बंद झालं होतं, त्यामुळं बसमधल्या चौदा नवऱ्यांनी गुपचूप माझा हात हातात घेऊन दाबला.

घरी येऊन महिना झाला. परवा प्राचीचा फोन आला. "पप्पा, आई पुढच्या वर्षी समरकंदला जायचं म्हणून राहिली."

"मग काढ की तिकिटं!"

"काढली. दोन. आई आणि मी."

मी असा काही रागावलो म्हणता! पण ऐकायला घरात कोणीच नव्हतं. कमल नवी बॅग घ्यायला लातूरला गेली होती. एकट्यानं रागवायला मजा येत नाही. म्हटलं, निदान चहा तरी करू. आणि जगातली सगळी वाळवंटं, खिंडी आणि सामुद्रधुन्या तोंडपाठ असलेला हा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात अर्धा तास साखरेचा डबा शोधत होता.