अकरा वर्षं

आमच्या शाळेतले इतिहासाचे सर इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांचं भांडण शिकवायला लागले, की शेजारच्या वर्गात मला गणित थांबवावं लागे.

"अकरा वर्षं त्यानं पार्लमेंट बोलावलीच न्हाई! मंग काय झालं?" सर डस्टर आपटत.

"मुंडकं उडवलं!" पोरं ओरडत. सर समाधानानं चष्मा पुसत. दर वर्षी हेच.

बेल्ह्याच्या अलीकडच्या आमच्या गावात तेव्हा ग्रामसभा भरतच नसे. पंचायतीचा शिपाईच सह्यांची वही घेऊन घरोघर फिरायचा. एकदा तो ऐन या धड्यात वर्गाच्या दारात आला. मी व्हरांड्यातून पाहत होतो.

"सर, तेवढी सही करा. सरपंचांनी सांगितलंय."

पान कोरं होतं.

"ठराव कुठाय?"

"मागून लिवू की."

सरांनी बोटांचा खडू पँटला पुसला, सही केली आणि पोरांकडं वळून पुन्हा ओरडले, "अकरा वर्षं!"

त्याच पानावर गावचं गायरान खडीच्या क्रशरला गेलं. आता धुरळा थेट वर्गात येतो, फळा दोनदा पुसावा लागतो. सरांना मी कधी काही बोललो नाही. त्यांच्या सहीखाली माझीच सही आहे.