डार्काने बसवलेलं पॅनेल

कॅनडातल्या सास्काटूनमध्ये डार्का ह्रिंचुकची ख्याती अशी, की बिघाड सापडल्याशिवाय ही बाई जेवायला उठायची नाही. हा चिवटपणा बापाचा. नेस्टर ह्रिंचुक रेल्वेच्या यार्डात इंजिनं दुरुस्त करता करता म्हातारा झाला, आणि ही फोनमधली ॲपं दुरुस्त करता करता पन्नाशीला टेकली. बायको गेल्यापासून नेस्टर एकटाच राहायचा. म्हणून एकट्या म्हाताऱ्यांसाठीचं ॲप तिच्या कंपनीकडे आलं, तेव्हा डार्काने ते भांडून मागून घेतलं. पडद्यावर एकच मोठं बटण. दाबलं की शेजाऱ्यांना आणि मुलांना फोन जायचा.

कधी जायचा, कधी नाही. का, ते कुणाला कळेना. मग डार्काने ॲपमध्येच एक डीबग पॅनेल बसवलं. कोपऱ्यात पाच टिचक्या मारल्या की ते उघडायचं आणि बटण कधी दाबलं, निरोप कुठे गेला, उत्तर काय आलं, सगळं ओळीने दिसायचं. त्यातच खोट्या सर्व्हरचा स्विच होता. तो लावला की बटण कितीही वेळा दाबा, निरोप खऱ्या माणसांपर्यंत जात नसे. खोटा सर्व्हर नुसताच "मदत निघाली आहे" म्हणून मोकळा व्हायचा.

"ॲप बंद केलं की हा स्विच आपोआप उतरायला हवा," शेजारच्या टेबलावरचा ओवेन म्हणाला.

"म्हणजे चाचणीत दर वेळी पुन्हा लावत बसू? तुझ्याकडे वेळ उतू जातोय, माझ्याकडे नाही."

ओवेन आपल्या कामाला लागला. डार्काशी वाद घालायला कोण धजणार!

दर रविवारी ती नवं ॲप बापाच्या फोनवर चढवायची. बापाला ती टाटो म्हणायची.

"टाटो, दाबा आता."

"दाबलं. मदत निघाली म्हणतंय. देखणी असली तरच आत घेईन हं!"

"तुम्हाला बघून दारातूनच पळेल ती. आज सगळं खोटं आहे, जाताना खरं करून जाते."

"कर, कर. आधी ते बटाट्याचे पेरोगी खा, गार होतायत."

ती पोटभर जेवली. बाहेर बर्फ वाढत होतं, म्हणून घाईने निघाली. स्विच तसाच राहिला.

मंगळवारी नेस्टर तळघराच्या जिन्यावरून पडला. बुधवारी दुपारपर्यंत दारापुढचं बर्फ काढलेलं दिसेना, तेव्हा शेजाऱ्याने कुलूप तोडलं. फार उशीर झाला होता. बहुधा पडताक्षणीच गेले असावेत, असं डॉक्टर म्हणाले.

फोन डार्काच्या हाती आला. गाडीत बसून तिने कोपऱ्यात पाच टिचक्या मारल्या. अकरा नोंदी होत्या. पहिली चार वाजून दहा मिनिटांची, शेवटची साडेसहानंतरची. पहिल्या नोंदीनंतर वीस मिनिटं काहीच नव्हतं. लेकीच्या ॲपने मदत निघाली म्हटल्यावर म्हातारा निमूटपणे वाट बघत राहिला होता. दुसऱ्या कुणाला फोन लावावा असंही त्याच्या मनात आलं नाही. डार्का स्टिअरिंगवर डोकं टेकून मोठ्याने रडली.

खाली "नोंदी पुसा" असं बटण होतं. तेही तिनेच बसवलेलं. त्या नोंदी वाचता येणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. बराच वेळ अंगठा त्या बटणावर राहिला, पण तिने ते दाबलं नाही.

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवणं चालली होती. रेजायनाहून आलेल्या धाकट्या भावाने, मायरॉनने, तिच्यापुढे ताटली सरकवली.

"खा गं दोन घास. पडताक्षणीच गेले ते. फोनला हात लावायलाही वेळ मिळाला नसेल. तुझा यात काही दोष नाही."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"मायरॉन, त्यांनी बटण दाबलं होतं. अकरा वेळा. अडीच तास जिवंत होते ते. आपल्याला फोन आला नाही, कारण मी चाचणीचा स्विच उतरवायला विसरले."

मायरॉनने ताटली बाजूला सारली. मग अगदी हळू म्हणाला, "हे मला कशाला सांगितलंस? पटकन गेले, एवढ्यावरच तर मी तग धरून होतो."

तो उठला, कोट चढवला आणि कुणाचाही निरोप न घेता रेजायनाला निघून गेला. या गोष्टीला आता दोन हिवाळे झाले. डार्का अजून त्याला फोन लावते. तो उचलत नाही.