वर्गासमोर टोचलेलं बोट

"उभी राहा. तू नाही, ती मागची. तुमच्या लोकांत असतो ना हा आजार?"

मॅडमचं बोट माह्याकडं होतं. यवतमाळात नर्सिंगचं माहं पहिलं वर्ष. त्या दिवशी सिकलसेल शिकवून राह्यल्या होत्या. आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. फळ्यावर विळ्यासारखी पेशी काढली अन् हजेरीत माहं आडनाव शोधलं. आडनावावरून जात. जातीवरून रक्त.

मले पुढं बोलावलं. इचारलं नाही. बोट धरलं, टोचलं, थेंब नळीतल्या औषधात टाकला. औषध गढूळ झालं. नळी वर धरून मॅडम म्हणाल्या, "पाहा. यांचं रक्तच असं."

पोरी हसल्या.

दारव्ह्याची पोरगी माही खोलीसोबतीण. तिनं त्याच दिवशी खाट दुसऱ्या खोलीत नेली. हा आजार ताटातून, पाण्यातून लागत नाही, हे तिनं माह्यासोबतच लिहून घेतलं होतं. तरी नेली. पुढं मोठी तपासणी झाली. मी आजारी नोयती, फक्त वाहक होती, म्हंजे दोष आईबापातल्या एकाकडूनच आलेला. ते मात्र मॅडमनं वर्गात सांगितलं नाही.

मी तपासणीच्या विरोधात नाही. कशी असणार? माह्या मोठ्या भावाचे हातपाय ठणकत. तो वर्गात रडे. मास्तर म्हणे, कामचोर. छडीनं मारे. माय जडीबुटी लावे. आमच्या गावात रक्त तपासणारे आले तवा भाऊ जाऊन वर्ष झालतं. एक थेंब वेळेवर कोणी घेतला असता तर त्याले औषध भेटलं असतं. तवा आमचं रक्त कोणाले पाह्यचं नोयतं. अन् पाह्यलं तं असं, तमाशासारखं.

दोन महिन्यांनी मुकुटबनकडची एक कोलाम आदिवासी पोरगी वर्गात आली. मॅडमनं तिले पुढं ओढलं. तिनं मूठ आवळली. मॅडमनं सुई माह्या हातात देली.

"तू टोच. तुला अनुभव आहे."

मी सुई टेबलावर ठेवली.

"नाही टोचत."

"काय म्हणालीस?"

"तिले इचारलं का तुमी? मले बी इचारलं नोयतं. हा आजार कोणातबी निघू शकते. सगळ्यांचं रक्त घ्या. पहिले तुमचं बोट द्या."

मॅडमचा हात पदराखाली गेला. तो मी पाह्यला.

"बाहेर हो!"

मी निंघाली. माह्यामागं ती पोरगी बी निंघाली. मूठ तशीच आवळलेली.

मले प्रात्यक्षिकात नापास केलं. मी पुन्हा बसली, पास झाली. आता एका आरोग्य केंद्रात मीच रक्त घेते. दार लावून घेते. पहिले इचारते. "वाहक म्हणजे आजारी नाही," हे दहादा सांगते.

मागच्या हप्त्यात गावातला एक पुढारी आला. "पोरासाठी एक पोरगी पाह्यली. तिच्या रक्तात काय निघालं, तेवढं सांग."

म्या म्हटलं, "ते तिले इचारा. अन् तुमच्या पोराले तपासाले पाठवा."

"तुही बदली करून टाकीन."

करा. गडचिरोलीले टाका, कुठंबी टाका. तिथंबी मी घरोघर जाईन, एकेकाले तपासाले बसवीन. पण कोणाचं रक्त कोणाच्या तोंडी देणार नाही.