खिंडीतला पाल्याचा ढीग

चकवा लागला म्हणणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे. रस्ता चुकलात, असं सरळ सांगा की! त्यामुळे हे लिहिताना जरा लाज वाटतेय... पण आनंद त्याहून जास्त आहे.

१९९९चा जानेवारी. मी आसनगावची, तेव्हा एम.ए.ला. शेणव्यापुढच्या जंगलात एक दरी आहे, तिच्या तळाशी शंकराचं पडकं देऊळ. तिथेच एक जैन मंदिरही होतं, असं मी प्रबंधात ठोकून दिलं होतं. आधार काय, तर एका झिजलेल्या दगडावरची मांडी घातलेली आकृती. सर म्हणाले, "कोणी योगी असेल. सोमवारपर्यंत पुरावा आणा, नाहीतर ते प्रकरण काढा." दोन वर्षांची मेहनत होती हो माझी!

शनिवारी सकाळी आत्याला घेऊन निघाले. ती शेणव्याचीच, जन्मभर त्या दरीत गवत कापलेली. दरीत उतरायच्या आधी वर खिंडीत कमरेएवढा पाल्याचा ढीग आहे. येणारा-जाणारा त्यावर एक डहाळी टाकतो, मगच पुढे जातो.

"पाला टाक गो पयला," आत्या म्हणाली.

"मी देवळं शोधायला आलेय, कचरा वाढवायला नाही."

"बरा. माझा मी टाकते. तुझ्या वाटचा नाय टाकायची हा!"

देवळापाशी काही मिळालं नाही, म्हणून आम्ही तिथला ओढा धरून आणखी खाली निघालो. वाहत्या पाण्याच्या दिशेने, हातात होकायंत्र. अर्ध्या तासाने समोर काय — तोच ढीग! उतार उतरत आम्ही वर खिंडीत आलो होतो. चिडून परत गेले. परत तेच. तिसऱ्यांदा झाडांवर खडूने खुणा करत गेले, तरी ढीग हजर! भर दुपारी, लख्ख उन्हात!

"आता तरी टाक बाय. तो सोडत नाय तुला."

रडकुंडीला येऊन मी डहाळी तोडली आणि रागाने ढिगात खुपसली. ती टक्कन दगडावर अडली. मी पाला बाजूला केला, कुजून झालेली माती हातांनी उकरली... कुरळे केस. लांब कान. छातीवर श्रीवत्स. तीर्थंकर! पद्मासनात, नाकसुद्धा शाबूत!

मी अक्षरशः नाचले. आत्याने पदराने मूर्तीच्या खांद्यावरची माती पुसली.

"आमी एवढी वरसा पाला टाकला, तो ह्याच्यावर? बरा झाला. पांघरून तरी झाला त्याला."

सोमवारी सर स्वतः आले. मूर्तीभोवती दोनदा फिरले, चष्मा पुसला. "प्रकरण राहू द्या," एवढंच म्हणाले. मग कोणी बघत नाही असं वाटून त्यांनी एक डहाळी तोडली आणि हळूच मूर्तीच्या पायाशी ठेवली.

त्यानंतर तो ओढा मी कितीदा तरी चालले आहे. तो खालीच जातो, खिंडीत एकदाही आला नाही. त्या दिवशी काय झालं, मला आजही सांगता येत नाही. पण दरीत उतरताना पहिली डहाळी आता माझी असते... आत्याच्याही आधी.