बॅटरी नाही, म्हणे

चहा गरम आहे तोवर ऐकून घ्या. थंड झाला की मला लाज वाटायला लागते.

आमच्या सानगडीत लॅपटॉपवर लिनक्स चालवणारा मी एकटाच, त्यामुळे माझी मान जरा ताठच असते. त्या बुधवारी बारा वाजता बायकोची, रेखाची, ग्रंथपालाच्या नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. आणि बुधवारी आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा काही नेम नाही. म्हणून सकाळी आठलाच मी बॅटरी किती भरली ते पाहायला बसलो.

पडद्यावर लिहिलेलं: बॅटरी नाही.

"लॅपटॉप बिघडला का जी?" रेखाने विचारलं.

"लॅपटॉप कायले बिघडते? लिनक्सले दिसून नाही राहिली. आता दाखवतो त्याले."

मग काय विचारता? काळ्या पडद्यावर कमांडमागून कमांड मारल्या. सिस्टिमच्या यादीत चार्जर होता, बॅटरीचा पत्ताच नव्हता. बॅटरी मोजणारे तीन प्रोग्राम टाकून पाहिले. तिघंही म्हणाले, नाही. अख्खी सिस्टिम अपडेट केली, चारदा बंद-चालू केली. शेवटी लिनक्सवाल्यांच्या फोरमवर रागारागाने तक्रार लिहिली. कुठल्याशा देशातल्या एका सज्जनाने नम्रपणे विचारलं, बॅटरी लॅपटॉपमध्ये बसवलेली आहे ना?

आता सांगा, हा काय प्रश्न झाला? मी उत्तर ठोकलं: महाशय, मी बारा वर्षांपासून लिनक्स वापरतो.

बारा वाजले. रेखा इस्त्रीची साडी नेसून, चार्जर लावलेल्या लॅपटॉपसमोर बसली. दुसऱ्याच प्रश्नाला लाइन गेली आणि लॅपटॉप जागच्या जागी बंद. तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी जन्मात विसरणार नाही. मग मोबाइल उचलला आणि उरलेली मुलाखत त्याच्यावर दिली.

मी लॅपटॉप उलटा केला. बॅटरीच्या जागी नुसता खड्डा.

तेवढ्यात माय स्वयंपाकघरातून आली. "काय पाहून राहिला रे बाबू?"

"माय, बॅटरी नाही."

"ते काळी, चपटी? ते तं तूच तांदळाच्या कोठीत ठेवली ना. पंधरा दिवस झाले."

ठेवली होती. लॅपटॉपवर माझ्याच हातून चहा सांडला होता, आणि धानाच्या मुलखातला माणूस ओली वस्तू दुसरीकडे कुठे सुकवणार? तेव्हापासून लॅपटॉप चार्जरवरच चालला, आणि मी साफ विसरलो.

"रोज तांदूळ काढताना दिसत होती, तं सांगितलं काहून नाही?"

"मले वाटलं, किड्याची दवाई हाय. कडुनिंबाच्या पाल्यापेक्षा बरी हाय बाबू. एक सोंडा नाही लागला."

रेखाला नोकरी लागली, म्हणून हे हसत सांगतोय. फोरमवर मी 'अडचण सुटली' एवढंच लिहून मोकळा झालो. पण तो सज्जन चिवट. कशी सुटली ते लिहा, म्हणे, दुसऱ्यांनाही उपयोग होईल.

महिना झाला, मी गप्प आहे. रेखा मात्र रोज चहा देताना आठवण करते, "लिवून टाका ना जी. बारा वर्षांचा अनुभव हाय तुमचा."