लिफ्टमनची धावायची चड्डी

त्यांना सगळे लिफ्टमन म्हणूनच ओळखत. एका उंच कचेरीत स्टुलावर बसून बटणं दाबण्यात त्यांची हयात गेली होती. "जन्मभर वर चढलो, पण बढती काही मिळाली नाही," असं ते स्वतःच म्हणून टाकत, म्हणजे दुसऱ्या कुणाला म्हणायला उरत नसे. दिवसभर वरखाली होऊनही माणूस एक पाऊल पुढे जात नाही, त्याची भरपाई म्हणून ते रोज सकाळी मैदानावर धावत. धावणं देखणं नव्हतं. उजवा पाय जरा बाहेर फेकला जाई. पण वर्षानुवर्षं त्यात खंड पडला नव्हता.

धावायची चड्डी बायको घरी शिवायची. मांड्या जाड आणि कंबर बारीक, त्यामुळे बाजारातली चड्डी मांडीला बसली तर कमरेवरून घसरे आणि कमरेला बसली तर मांडीला काचे. लग्नानंतर लवकरच बायकोनं त्यांची वापरून अंगाला बसलेली एक जुनी चड्डी उसवली, तुकडे खाकी कागदावर ठेवून शिवणीच्या खुणेवरून कागद कापला आणि नमुना तयार केला. एक पुढचा भाग, एक मागचा. तेवढ्यावर त्यांचं धावणं चाललं होतं.

मग मुलीचं बाळंतपण आलं आणि बायको थोड्या दिवसांसाठी म्हणून तिच्या गावी गेली. मुलगी पुन्हा नोकरीवर रुजू झाली, बाळाला बघायला घरात कुणी नाही. थोड्या दिवसांचं वर्ष उलटून गेलं. तक्रार करायची तरी कुणाकडे? लेक आपली, नातू आपला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

अशात त्यांची शेवटची चड्डी बसायच्या जागी विरली. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं ती उजेडात धरली आणि म्हणाला, "काका, हिला आता सुई लावायची म्हणजे भोकाला भोक जोडायचं. नवी घ्या की." लिफ्टमननी ती घडी घालून परत आणली, बायकोच्या शिलाई मशीनवरचं झाकण काढलं आणि कपाटातून तो खाकी कागद शोधला.

मशीन आधी त्यांना जुमानेना. पाय मारला की चाक उलटं फिरे, दोऱ्याचा गुंता होई. ते जमलं, तर कापताना घोळ झाला. शेवटी त्यांनी फोन लावला.

"अगं, दोन्ही पाय डावेच झालेत."

पलीकडून आधी बाळाचं रडणं आलं आणि मग तिचं हसू. नेहमीचा फोन म्हणजे जेवलात का, गॅस बंद केला का, ठेवते. हे हसू त्यांनी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

"एकेक कापलंत ना? कापड दुहेरी घालायचं हो, सुलट बाजू आत. एकदम कापलं की आपोआप एक डावा, एक उजवा."

दुसरी चड्डी दोन्ही पायांची झाली, पण मांडीवरून वर सरकेना.

"माया सोडली होतीत?" बायकोनं विचारलं.

"कसली?"

"शिवणीची. तो कागद नेमक्या मापाचा आहे. कडेनं बोटभर कापड जास्त ठेवून कापायचं. मी आपली अंदाजानं सोडायचे."

त्यांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. तू बोल."

तिसऱ्या खेपेला नेफ्यात इलॅस्टिक ओवताना सेफ्टी पिन आतच सुटली आणि त्यांनी सगळा नेफा पुन्हा उसवला. पण चड्डी झाली, आणि सकाळी धावताना ती ना काचली, ना घसरली. धावून घरी आले, तर सांगायला समोर कुणी नव्हतं. ते घाम पुसत तसेच मशीनपाशी बसून राहिले.

पुढे मुलीला आठवडाभराची रजा मिळाली आणि बायको घरी आली. तिनं पिशवी टेकवली, पाणी प्यायलं आणि पिशवीतून कापड काढलं. "चार-पाच शिवूनच ठेवते. पुढचं वर्षभर बघायला नको."

'वर्षभर' हा शब्द त्यांच्या जिव्हारी लागला. पण ते आत गेले आणि आपली चड्डी तिच्यापुढे ठेवली. तिनं ती उलटी केली, शिवण दोन्ही हातांनी ताणून बघितली.

"नेफा वाकडा आहे."

"आहे."

"पण पक्का आहे हं."

"तर मग ते कापड राहू दे. माझं मी शिवीन. तू बस."

"नुसती बसून काय करू?"

"काही करू नकोस. माझ्याजवळ बस."

तिला बसायची सवय नव्हती. गॅलरीतल्या खुर्चीत ती पदराचं टोक उगाच दुमडत आणि उलगडत राहिली. कचेरीतून रजा काढून तेही शेजारी बसले. पहिल्या दिवशी बोलायला विषय सुचेनात. दुसऱ्या दिवशी शब्दाला शब्द लागत गेला आणि चहा दोनदा गार झाला. एका दुपारी बोलता बोलताच तिचा डोळा लागला. इतकी दमलीय, हे फोनवर कधी कळलंच नव्हतं. ते उठले आणि ऊन तिच्या तोंडावर येऊ नये म्हणून पडदा ओढून धरून उभे राहिले.

आठवडा संपला. बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. "येते," ती म्हणाली. कधी, ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

तिनं आणलेल्या कापडातून त्यांनी आणखी दोन चड्ड्या शिवल्या. एका सकाळी ते धावून येतात न येतात तोच तिचा फोन आला. बाळ झोपलं होतं, त्यामुळे ती हळू बोलत होती.

"इथे खिडकीखाली मैदान आहे. सकाळी पुष्कळ जण धावतात. मी बाळाला घेऊन बघत उभी राहते."

"बरं."

"चांगले धावतात सगळे. सरळ."

"मग?"

"मग काय. उजवा पाय बाहेर टाकणारा एकही नाही."