वरचा पूल

दोन मजली विमान येणार म्हणून विमानतळाने कंबर कसली होती. धावपट्टीच्या कडा रुंद केल्या, विमान उभं करायची जागा वाढवली आणि नऊ नंबरच्या फाटकाला प्रवाशांना थेट विमानाच्या दारात नेणारे तीन सरकते पूल बसवले. दोन खालच्या मजल्याला, एक थेट वरच्याला. वरचा पूल चालवणाऱ्याला सगळे 'वरचे काका' म्हणू लागले.

"काका, वरून बोलावणं आलं का?" असं कुणी चिडवलं, की ते म्हणत, "मी वरच असतो रे. तुम्हीच खाली राहिलात."

वरचा पूल सगळ्यांत शेवटी लागायचा आणि सगळ्यांत आधी सुटायचा. विमानाचं दार बंद झालं, खालच्या माणसाने अंगठा दाखवला, की काका बटण दाबून धरत. अकरा वर्षांत मिनिटाचा उशीर नाही. मागे घेतलेला पूल परवानगीशिवाय पुन्हा लावायचा नाही, हा नियम त्यांना तोंडपाठ होता.

लेक कायमची परदेशी निघाली, तेव्हा तिची आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. निरोपासाठी सुट्टी घ्यावी, तर काकांना बदली माणूस मिळेना. मग बापलेकीने ठरवलं, तिने वरच्या मजल्यावरची जागा मागायची, म्हणजे चढता चढता पुलाच्या टोकाला, बाबांच्या केबिनपाशी क्षणभर थांबता येईल. त्या सकाळी काकांनी केबिनची काच तीनदा पुसली.

प्रवासी आले, चढले. लेक आली नाही. तिला ऐनवेळी खालची जागा मिळाली होती, पण काकांचा फोन नियमाप्रमाणे कपाटात. दार बंद झालं. अंगठा दिसला. काकांनी बटण दाबलं.

पूल हातभर मागे सरला आणि दाराच्या इवल्याशा काचेत लेकीचा चेहरा दिसला. आतल्या जिन्याने ती धावत वर आली होती. बोट उचललं असतं, तर पूल तिथेच थांबला असता. काकांनी बोट उचललं नाही.

पुढे मोठी विमानं यायची बंद झाली. लेक दर रविवारी फोन करते. गुडघे, औषधं, हवापाणी. त्या सकाळचा विषय दोघंही काढत नाहीत. परवा काका म्हणाले, "वरचा पूल काढून टाकणार आहेत."

ती म्हणाली, "बाबा, किती हळू मागे गेला होता तो. मला वाटलं, थांबवाल."

"जेवलीस का?" काकांनी विचारलं.